रोजच्या कटकटीत प्रभूमध्ये आनंद कसा करावा

मोठे संकट आले की विश्वासणारा माणूस आपोआप गुडघे टेकतो. घरात कोणी गंभीर आजारी पडले किंवा कोणाची नोकरी गेली, तर मंडळीतील (चर्चमधील) लोक प्रार्थनेला जमतात, पाळक घरी येतात, आणि देवाची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. परंतु नळाला पाणी न येणे, ऐन घाईत सिलिंडर संपणे, लोकल वीस मिनिटे उशिरा धावणे, शाळेची गाडी दाराशी आल्यावर मुलाला वही न सापडणे, कार्यालयात दुसऱ्याची चूक आपल्या माथी मारली जाणे, यांसाठी कोणी प्रार्थनासभा भरवत नाही. ख्रिस्ती माणसाचा आनंद मात्र बहुतेक वेळा याच बारीकसारीक गोष्टींत संपून जातो, आणि रविवारी उपासनेत भरल्या गळ्याने गाणारे आपण सोमवारी सकाळी आठच्या आत घरातल्या माणसांवर खेकसलेलो असतो.

या लेखात विचार करायचा आहे तो याच सोमवारचा. त्यासाठी मी बायबलच्या नव्या करारातील, प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातील मंडळीला लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय, त्यातही दुसऱ्या वचनापासून नवव्या वचनापर्यंतचा भाग, वाटाड्या म्हणून घेतला आहे. "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा" हे त्यातील चौथे वचन आपल्या घरांच्या भिंतींवर आणि दिनदर्शिकांवर इतक्या वेळा दिसते की ते पत्रात कोणत्या जागी आले आहे, याकडे आपले लक्षच जात नाही. त्याच्या लगेच आधीच्या दोन वचनांत पौल युवदीया आणि सुंतुखे या मंडळीतील दोन स्त्रियांना आपसांतील बेबनाव मिटवण्याची विनवणी करत आहे. दोघी सुवार्तेच्या कामात त्याच्याबरोबर झटलेल्या होत्या. त्यांचे कशावरून बिनसले हे पत्रात सांगितलेले नाही. पण ते पौलाच्या कानावर जाण्याइतके आणि साऱ्या मंडळीसमोर वाचल्या जाणाऱ्या पत्रात नावानिशी लिहिण्याइतके वाढले होते. लिहिणारा स्वतः बेड्यांत होता आणि ज्यांना लिहायचे त्यांच्यात धुसफूस चालली होती. अशा वेळी त्याने आनंद करण्याची आज्ञा दिली. म्हणून ही आज्ञा सोमवारसाठीच आहे असे मी मानतो, आणि त्या आठ वचनांचा क्रम धरून चालले तर ती पाळता येते असाही माझा विश्वास आहे.

दुःख लपवू नये, अन्यायही गिळू नये

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आनंद करायचा म्हणजे चेहऱ्यावर सतत हसू ठेवायचे आणि कोणी विचारले की "प्रभूच्या कृपेने सर्व ठीक" असे म्हणून मोकळे व्हायचे, अशी समजूत आपल्या मंडळ्यांत फार आहे आणि तिने पुष्कळ लोकांना एकटे पाडले आहे. ज्या पत्रात आनंदाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो, त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल आपला सहकारी एपफ्रदीत याच्या आजारपणाविषयी लिहितो की तो मरता मरता वाचला, आणि तसे झाले नसते तर मला दुःखावर दुःख झाले असते. त्याला तुमच्याकडे परत पाठवत आहे म्हणजे माझीही काळजी कमी होईल, असेही तो लिहितो. आनंदाची आज्ञा देणारा माणूस स्वतःची काळजी अशी उघडपणे कागदावर उतरवतो.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. प्रभूमध्ये आनंद करणाऱ्याने तक्रार करू नये, हक्क मागू नये, जे होईल ते मुकाट्याने सोसावे, असे सांगितले जाते. विशेषतः घरातील सुनांना आणि हाताखालच्या माणसांना. नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सोळावा अध्याय पूर्ण वाचला तर असे सांगण्याचे धाडस होणार नाही. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती. तेथे पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशीशिवाय छड्यांनी मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकले होते. मध्यरात्री ते प्रार्थना करत आणि स्तोत्रे गात होते, हा भाग आपल्याला पाठ असतो. सकाळी काय झाले ते मात्र आपण क्वचितच वाचतो. अधिकाऱ्यांनी शिपायांकरवी "त्यांना सोडून द्या" असा निरोप धाडला, तेव्हा पौलाने जाण्यास नकार दिला. आम्ही रोमन नागरिक असून आम्हांला न्यायनिवाडा न करता उघडपणे मारले आणि आता गुपचूप घालवता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे त्याने कळवले आणि अधिकाऱ्यांना यावे लागले. रात्री गाणारा आणि सकाळी हक्क मागणारा माणूस एकच होता. तेव्हा सोसायटीला पाणी येत नसेल तर नगरपालिकेकडे लेखी तक्रार अवश्य करावी, पगार अडवला असेल तर तो मागावा, घरात कोणी हात उचलत असेल तर मदत घ्यावी आणि पोलिसांकडेही जावे. आनंद करण्याची आज्ञा यांपैकी कशाच्याही आड येत नाही.

अडकलेले नाते आधी सोडवावे

आनंदाच्या आज्ञेपूर्वी समेटाची विनवणी येते, या क्रमात व्यवहाराचे शहाणपण आहे. आपली पुष्कळशी चिडचिड ज्या गोष्टीवरून निघते तिच्याविषयी ती नसतेच. नणंदेशी महिनाभर अबोला आहे, म्हणून आज डाळ करपल्याचा राग चौपट झालेला असतो. महिला संघाच्या निवडणुकीत झालेला अपमान मनात सलत असतो, म्हणून नाताळच्या कार्यक्रमाची प्रत्येक बैठक नकोशी वाटते. अशा वेळी सकाळ-संध्याकाळ कितीही वचने म्हटली तरी मन जागेवर येत नाही.

म्हणून प्रथम एका कागदावर अशा एकाच व्यक्तीचे नाव लिहावे, जिचा फोन आला की आपल्या कपाळावर आठी पडते. सर्वांची यादी करत बसू नये. त्या व्यक्तीशी बोलताना जुना सगळा हिशेब उकरून काढण्याची गरज नाही; "त्या दिवशी मी जे बोललो ते मला बोलायला नको होते" एवढे एक वाक्यही दार उघडण्यास पुरते. दोघांना मिळून जमत नसेल तर तिसऱ्याची मदत घ्यावी. पौलानेही तेच केले. त्या दोघींना साहाय्य कर, असे त्याने मंडळीतील एका विश्वासू सोबत्याला सांगितले. असा मध्यस्थ निवडताना एवढेच पाहावे की त्याच्या पोटात गोष्ट राहते की नाही. समोरच्याने प्रतिसाद दिला नाही तर आपले काम झाले असे समजून पुढे जावे. रोमकरांस पत्रात, शक्य असल्यास आणि तुमच्याकडून होईल तितके सर्वांबरोबर शांतीने राहा, असे म्हटले आहे, आणि "तुमच्याकडून होईल तितके" ही मर्यादा देवानेच घालून दिली आहे.

दिवसाचा पहिला शब्द कोणाचा असावा

वैताग येण्याआधी मन कोठे तरी रोवलेले असावे लागते. सकाळी डोळे उघडताच हातात मोबाईल आला की दिवसाचा पहिला शब्द कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटाचा, साहेबांचा किंवा बातम्यांचा होतो. त्याऐवजी अंथरुणातून उठण्यापूर्वी स्तोत्रसंहितेतील एखादे छोटे वचन मोठ्याने म्हणावे. हा परमेश्वराने नेमलेला दिवस आहे, यात आपण उल्लास व आनंद करू, हे ११८व्या स्तोत्रातील वचन त्यासाठी उत्तम आहे. मोठ्याने म्हणावे असे मी आग्रहाने सांगतो, कारण मनातल्या मनात म्हटलेले वचन दुसऱ्याच क्षणी डब्याच्या भाजीच्या विचारात बुडून जाते.

ज्यांच्या घरात गाण्याची सवय आहे त्यांनी गावे. मराठी मंडळ्यांना या बाबतीत मोठा वारसा लाभला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग, ओवी, भजन या आपल्या मातीतल्या रचनांत ख्रिस्तभक्ती ओतली, आणि पेटी-तबला नसतानाही, पोळ्या लाटतानाही म्हणता येईल असा ठेवा आपल्या हाती दिला. सूर चांगला नसला तरी चालेल. सकाळच्या घाईत लांबलचक मनन ज्यांना शक्य नाही, विशेषतः लहान मुलांच्या आयांना, त्यांनी त्याची टोचणी लावून घेऊ नये. एक वचन, एक कडवे आणि दिवसाचा कारभार प्रभूच्या हाती सोपवणारे एक वाक्य एवढे त्या काळापुरते पुरेसे आहे.

ऐन वैतागाच्या क्षणी

आता मुख्य भाग. सकाळचे सात वाजले आहेत. नळाने घरघर करून दोन भांड्यांपुरते पाणी दिले आणि तो बंद झाला. एका शेगडीवर दूध वर येत आहे, मुलगा न्हाणीघरातून ओरडत आहे की साबण अंगालाच राहिला, आणि सासूबाई देवाघरच्या शांतपणाने विचारत आहेत की रात्री पिंप कोणी भरून ठेवले नाही. अशा वेळी काय करायचे?

पाचवे वचन सांगते की तुमची सहनशीलता सर्वांना कळून यावी, प्रभू जवळ आहे. याचा पहिला अर्थ अगदी शारीरिक आहे: आवाज चढण्याआधी हात थांबवावेत. गॅस बारीक करावा, हातातले भांडे खाली ठेवावे, एक दीर्घ श्वास घ्यावा आणि "प्रभू, तू इथे आहेस" एवढे म्हणावे. यात फार तर दहा सेकंद जातात. हातात भांडे असताना ते आपटण्याचा मोह आवरत नाही, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. म्हणून आधी ते खाली ठेवायचे.

त्यानंतर सहावे वचन. कशाचीही चिंता न करता सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवावी, असे त्यात आहे. "सर्व गोष्टी" यात नळाचे पाणीही येते. येथे माझे सांगणे असे की तक्रार गिळू नये, तिचे तोंड फिरवावे. जी तणतण नवऱ्यावर, मुलावर किंवा सासूवर निघणार होती ती जशीच्या तशी देवापुढे मांडावी: "प्रभू, पुन्हा पाणी गेले. मला फार राग आला आहे. सगळ्या घराची काळजी मी एकटीनेच वाहायची का? आता मी मुलावर ओरडणार आहे, मला आवर." ही प्रार्थना उद्धट वाटत असेल तर तेरावे स्तोत्र वाचावे, हे परमेश्वरा, तू मला कोठवर विसरणार, असे त्याची सुरुवातच विचारते, आणि तेच स्तोत्र अवघ्या सहा वचनांत गाण्यापर्यंत पोहोचते. माणसांवर काढलेला राग घरभर पसरतो आणि रात्रीपर्यंत दहा तोंडांनी परत येतो. देवापुढे काढलेला राग तेथेच राहतो.

मग आभार. येथे बरेच जण चुकीच्या वाटेला लागतात. "त्या झोपडपट्टीतल्यांकडे पाहा, त्यांना तर नळच नाही, आपण किती सुखी," असे म्हणून मनाची समजूत घालणे मला अजिबात मान्य नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात मंदिरात उभा राहून, मी इतर माणसांसारखा नाही म्हणून तुझे आभार मानतो, असे म्हणणारा परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातील माणूस) नीतिमान ठरून घरी गेला नाही. दुसऱ्याच्या हालअपेष्टांच्या पायरीवर उभे राहून मानलेले आभार त्याच जातीचे आहेत. आभार आपल्या डोळ्यांसमोरच्या, हाताला लागणाऱ्या गोष्टीचे मानावेत: कळशीत अजून पाणी आहे, दूध उतू गेले नाही, मुलगा धडधाकट आहे म्हणून तर एवढ्या मोठ्याने ओरडतो आहे, सासूबाईंचे गुडघे दुखत असूनही काल त्यांनीच भाजी निवडून दिली होती. असे दोन-तीन आभार नेमकेपणाने मानले की राग पूर्ण जात नाही, पण त्याच्या हातून घराचा ताबा सुटतो. त्यानंतर कळशीतले पाणी मुलाला द्यावे आणि सासूबाईंना खरे उत्तर द्यावे, आवाज न चढवता.

सातव्या वचनात देवाची शांती तुमची अंतःकरणे राखील असे अभिवचन आहे. पाणी येईल असे अभिवचन तेथे नाही, हे लक्षात ठेवलेले बरे. प्रार्थना केली आणि तरीही लोकल चुकली, तर प्रार्थना वाया गेली असे होत नाही.

या बाबतीत सतराव्या शतकातील ब्रदर लॉरेन्स यांचे उदाहरण मला फार जवळचे वाटते. पॅरिसमध्ये कार्मेलाईट या ख्रिस्ती संन्यासी संघाच्या एका मठात त्यांना स्वयंपाकघराचे काम मिळाले होते, आणि त्या कामाचा त्यांना मुळातच तिटकारा होता. तरीही प्रत्येक काम देवाच्या प्रेमाखातर आणि त्याच्याशी बोलत करायचे, असा नेम त्यांनी ठेवला. पुढे ते सांगत की भांड्यांच्या खडखडाटात, चार जण एकाच वेळी वेगवेगळ्या वस्तू मागत असतानाही, गुडघे टेकून प्रार्थना करताना लाभावी तशीच देवाची शांती त्यांना लाभते. त्यांचे काम बदलले नव्हते आणि मठातील लोकांच्या मागण्याही कमी झाल्या नव्हत्या. नोकरीचा कंटाळा आलेल्यांनी, रोज तीच फाईल, तेच गिऱ्हाईक, तीच घरची कामे यांना विटलेल्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मनात काय घोळवावे

प्रसंग टळला तरी मन तो दिवसभर चघळत राहते. आठवे वचन त्यासाठी आहे: जे सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध, प्रशंसनीय आहे त्याचे मनन करावे. यातील "सत्य" पहिले आहे, आणि एकट्या त्या कसोटीनेच आपली निम्मी कुरकुर गळून पडते. "हे नेहमीच असे करतात", "माझे कोणी कधीच ऐकत नाही", ही वाक्ये मनात आली की स्वतःला विचारावे, हे अक्षरशः खरे आहे काय? बहुधा खरे एवढेच असते की आज त्यांनी ऐकले नाही. तेवढेच म्हणावे. जी कागाळी दुपारी मैत्रिणीला सांगायची असेल तिलाही हीच कसोटी लावावी, आणि व्हॉट्सॲपवर रागाने लिहिलेला निरोप पाठवण्यापूर्वी तासभर तसाच ठेवावा.

रात्रीचा हिशेब

रात्री दिवे मालवण्यापूर्वी दहा मिनिटे दिवसाकडे पाहावे. जेझुइट या ख्रिस्ती संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात आत्मपरीक्षणाची जी पद्धत घालून दिली, तिची पहिली पायरी दिवसभरात मिळालेल्या कृपादानांबद्दल देवाचे आभार मानण्याची आहे. चुकांची पाहणी, क्षमायाचना आणि उद्याचा निश्चय हे सारे त्यानंतर येते. हा क्रम उलटू नये. आपण आधी चुका मोजायला बसलो की आभारांची पाळी येईपर्यंत झोप तरी लागते किंवा निराशा तरी येते.

ज्या दिवशी मुलावर ओरडणे झालेच असेल, त्या दिवशी झोपण्यापूर्वी त्याच्या उशाशी जाऊन "मी ओरडायला नको होते" असे म्हणावे, कारण सूर्य मावळेपर्यंत राग राहू देऊ नये अशी शिकवण इफिसकरांस पत्रात आहे. मुलाची क्षमा मागितल्याने आईबापांचा मान कमी होतो असे वाटणाऱ्यांनी एकदा करून पाहावे. त्यानंतर स्वतःला कोसत बसू नये. ब्रदर लॉरेन्स चुकले की देवापुढे ते सरळ कबूल करत, तू मला माझ्यावर सोडलेस तर मी असाच वागणार असे म्हणत, आणि कामाला लागत.

ज्या घरांत कौटुंबिक उपासना होते त्यांनी आठवड्यातून एकदा प्रत्येकाला एक आभार आणि एक तक्रार मांडू द्यावी, अगदी लहान मुलांनाही, आणि मुलाची तक्रार आईबापांविरुद्ध असली तर ती मध्येच तोडू नये. शेवटी दोन्ही एकाच प्रार्थनेत देवापुढे ठेवावीत.

जमत नसेल तर

त्याच अध्यायाच्या अकराव्या वचनात पौल म्हणतो की आहे त्या स्थितीत संतुष्ट राहण्यास मी शिकलो आहे. शिकण्यास वेळ लागतो, आणि पौलाचे शिक्षण विपुलता व उणीव या दोन्हींतून झाले होते. म्हणून एका आठवड्यात स्वभाव पालटला नाही तर विश्वासात काही खोट आहे असा निष्कर्ष काढू नये, दुसऱ्याने काढला तर तो स्वीकारू नये.

मात्र जो वैताग उतरतच नाही त्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप व भूक उडाली असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन लागत नसेल, विनाकारण रडू येत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टरांची गरज असते, जशी मधुमेहाला असते. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. अशा माणसाला "आनंद करा, वचनात लिहिले आहे" असे सांगू नये. त्याच्याबरोबर दवाखान्यात जावे, बाहेरच्या बाकावर बसून राहावे, औषधे घेण्याची आठवण करावी. पौलाच्या सोबत्यांत लूक होता आणि कलस्सैकरांस पत्रात पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो, हे आपल्या मंडळ्यांतून अधिक वेळा सांगितले गेले पाहिजे, विशेषतः जेथे मानसिक आजारावर औषध घेणे म्हणजे विश्वासाची कमतरता असे अजूनही समजले जाते.